गळक्या खोलीतले चार कोपरे

त्या वर्षी पोळ्याच्या आधी झड लागली आणि ती सुटायचं नावच घेईना. केळापूर तालुक्यातल्या बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर, दोन खोल्यांच्या शाळेत मी तेव्हा पहिली-दुसरीला शिकवत होते. पांढरकवड्याला खोली करून राहायची, सकाळी रेनकोट चढवून स्कूटीवर निघायची. वाट सागाच्या जंगलातून जाते. झडीच्या दिवसांत वरून पाणी, खालून वाफ आणि मध्ये ती परातीएवढाली पानं. हिरव्या काचेच्या आतून आपण चाललो आहोत असं वाटायचं. आजही ते दिवस आठवले की आधी तो हिरवा उजेड येतो, मग मुलांचे आवाज, आणि शाळा सगळ्यात शेवटी, धुक्यातून बाहेर आल्यासारखी.

मी यवतमाळची. वडील कचेरीत, काका वकील, घरात बोलणं सगळं पुस्तकातल्यासारखं. तांड्यावरच्या बायांची बोली मी बाजारात कानावरून गेली तेवढीच ऐकलेली. नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली होती, "लेकरं सगळीकडं सारखीच असतात." ते खरंच आहे. पण पहिलीतलं लेकरू शाळेत येतं तेव्हा ते एकटं येत नाही, आपली बोली सोबत घेऊन येतं. हे मला त्या झडीत कळलं.

शाळेत आम्ही दोघंच. मी आणि सर. सर म्हणजे मुख्याध्यापक, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, आणि चिखलातून आले तरी पँटची घडी मोडलेली नसायची. निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेली. त्यांच्या वर्गात इतकी शांतता असे की आत मुलं आहेत की नाहीत असं वाटावं. त्यांची मराठी फार सुंदर होती. 'पाणी'तला 'ण' ते असा उच्चारायचे की भांड्यात नाणं पडल्यासारखा वाजायचा. ते याच समाजातले, पुसदकडच्या एका तांड्यावर जन्मलेले, हे मला माहीत होतं. पण इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून गोरबोलीचा, तांड्यावरच्या त्या बंजारा बोलीचा, एक शब्द मी ऐकला नव्हता. पोरांच्या आया दाराशी येऊन त्यांच्याशी गोरबोलीत बोलायच्या, सर उत्तर मराठीत द्यायचे. बाया मान डोलावून जायच्या. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मलाही नाही.

माझ्याकडे एक पत्र्याची पेटी होती. सुट्टीत घरी बसून मी तिच्यात वाचनाचे खेळ जमवले होते. पुठ्ठ्याचे मासे, प्रत्येकाच्या पोटावर एक अक्षर आणि तोंडाला टाचणी. काडीला दोरा आणि दोऱ्याला लोहचुंबक बांधला की गळ तयार. चित्रांची पानं. चहा, मीठ, बिस्किटं, साबण यांची रिकामी वेष्टनं, दुकान मांडायला. बारीक वाळूची पिशवी, परातीत पसरून बोटानं अक्षर काढायला. प्रशिक्षणात सांगितलं होतं, लहान गट करा, गटागटानं मुलं फिरू द्या, एका जागी ऐकणं, एका जागी अक्षरं, एका जागी शब्द. ऐकताना फार सोपं वाटलं होतं. पण शेजारच्या खोलीत ती शांतता. माझी पेटी कपाटावरच राहिली.

ती खाली उतरवली झडीनं.

झालं असं की एका सकाळी सरांच्या खोलीचं छत जागोजागी गळायला लागलं. फळ्यावरून पाण्याचे ओघळ, टेबलावर थेंब. चौथीतली एक पोरगी धावत आली, "मॅडम, आमच्या खोलीत लई पानी येऊन राह्यलं!" सगळी मुलं दप्तरं डोक्यावर धरून माझ्या खोलीत आली. माझीही खोली गळत होतीच, पण मधोमध. तिथं बादली, पोषण आहाराचं पातेलं, एक घमेलं ठेवलं. कोरडे राहिले ते फक्त चार कोपरे. मुलं आपोआप चार घोळक्यांत चार कोपऱ्यांत जाऊन बसली, पहिलीतली चौथीतल्यांच्या मांडीला मांडी लावून. मध्ये भांड्यांत थेंब वाजत होते, प्रत्येक भांड्याचा सूर वेगळा.

फळा कुणालाच दिसत नव्हता. एकाच वेळी चार इयत्तांना काय शिकवणार? मी सरांकडे पाहिलं. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग मी स्टुलावर चढून पेटी खाली काढली.

"सर, थोडा गोंगाट होईल," मी म्हणाले.

"थोडा?" सर म्हणाले. पण ते नको म्हणाले नाहीत.

एका कोपऱ्यात मासे पसरले. दुसऱ्यात दुकान. तिसऱ्यात वाळूची परात आणि चित्रांची पानं. चित्र ज्या आवाजानं सुरू होतं त्या अक्षराखाली ठेवायचं. चौथ्या कोपऱ्यात काही मांडायला जागाच नव्हती, कारण तिथं कपाटाला टेकून सरांची खुर्ची होती. मी मुलांना सांगितलं, ताटली वाजवली की कोपरा बदलायचा, बादलीला धक्का न लावता पुढं सरकायचं.

अर्ध्या तासात खोलीचा बाजार झाला. "ए, माह्या माशाले हात नको लावू!" "मॅडम, हा मले साबन देऊन राह्यला, मी बिस्कुट म्हटलं!" "वाच ना मग, काय लिवलं हाय त्याच्यावर!" पावसाचा आवाज, भांड्यांचा आवाज, पोरांचा आवाज, सगळं मिसळून एक गुंगी आली होती. मी ताटली वाजवली. मुलं सरकली. आणि सरांच्या पुढ्यात दुसरा घोळका येऊन बसला, मांड्या घालून, माना वर करून. त्यांना वाटलं, हाही एक कोपराच आहे, इथंही काहीतरी खेळ असणार.

सर गोंधळले. त्यांना मी प्रथमच गोंधळलेलं पाहत होते. त्यांनी आधी पाढे म्हणवून घेतले. पुढच्या घोळक्याकडून महिन्यांची नावं. मुलं म्हणाली खरी, पण डोळे माशांकडे.

पहिलीत एक मुलगी होती. दोन घट्ट वेण्या, कानात मण्यांच्या रिंगा, आणि डोळे सगळीकडे. जूनपासून ती शाळेत एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला हात वर करायची, बस. तिची आई म्हणायची, "घरी तं टकळी थांबत नाई तिची, मॅडम. झोपीतही बोलते." माझ्यापुढं मात्र ओठ मिटलेले. मी तिला बोलतं करायला नाना प्रकार केले होते. ती ऐकायची, हसायची, बोलायची नाही.

खेळांत मात्र तिचे हात भराभर चालत. गळाला मासा लागला की ती तो उचलून नीट त्या अक्षराच्या टोपलीत टाकायची. वाळूत 'ग' काढला की त्याचा काना असा सरळ ओढायची की चौथीतली मुलंही पाहत राहत. एकच पान ती दर वेळी चुकायची. ताटलीत भाकर काढलेलं चित्र होतं. ते 'भ'खाली जायला हवं. ती ते 'ब'खाली ठेवायची.

मी ते उचलून 'भ'खाली ठेवलं. "भाकर. भ, भ. ऐकलं?"

तिनं मान हलवली आणि पान परत 'ब'खाली ठेवलं.

असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं तर तिच्या घोळक्यातल्या आणखी दोघांनी ते पान 'ब'खालीच ठेवलेलं. मी गुडघ्यावर बसले. "काहून गं? इथं काहून ठेवते तू?" बोलताना माझ्या तोंडून आपसूक त्यांच्यासारखं निघालं. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला सांगायचं होतं. ओठ हलले, आणि पुन्हा मिटले.

तेवढ्यात मागून आवाज आला, हळू, जरा घोगरा.

"ई काई छ?"

हे काय आहे, एवढंच. पण मी वळून पाहिलं, कारण तो आवाज कुणाचा ते मला ओळखूच आलं नाही. सर खुर्चीवरून वाकून तिच्याकडे पाहत होते. बोट त्या पानाकडे.

"बाटी," ती मुलगी म्हणाली.

लगेच, स्पष्ट, घंटेसारखं. बाटी. तांड्यावर भाकरीला बाटीच म्हणतात. 'ब'खाली ठेवायचं पान तिनं 'ब'खालीच ठेवलं होतं. तिला आवाज नीट कळत होता; शब्द तिच्या घरचा होता, इतकंच.

खोलीतला गलका थांबला. गळ हवेत, दुकानदाराचा हात वेष्टनावर, सगळी मुलं सरांकडे पाहत होती. घमेल्यात थेंब पडत होता तेवढाच आवाज. मग चौथीतला एक पोरगा जवळजवळ कुजबुजत म्हणाला, "सरले येते आपली बोली!"

सर उठले आणि व्हरांड्यात निघून गेले.

दुपारच्या सुट्टीत खिचडी वाढून झाल्यावर मी चहाचे दोन पेले घेऊन व्हरांड्यात गेले. सर कठड्याशी उभे होते. समोर पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर पाण्यानं झुकलेलं, त्यापलीकडे टेकडी होती की नव्हती हे ढगामुळं कळत नव्हतं. त्यांनी पेला हातात घेतला. मग म्हणाले, पुन्हा आपल्या त्या स्वच्छ मराठीत.

"मॅडम, आम्ही शाळेत जायचो तेव्हा तांड्याची बोली तोंडातून निघाली की बाहेर उभं राहावं लागे. उन्हात. मी पहिल्याच महिन्यात ठरवलं, आपण बाहेर उभं राहायचं नाही."

"आणि राहिला नाहीत," मी म्हणाले.

"नाही राहिलो. इतका नाही राहिलो की पुढं घरीही तेच झालं. नागपूरला मुलं आहेत, त्यांना एक वाक्य येत नाही. माझी आई शेवटी अंथरुणावर होती, ती तिच्या बोलीत बोलायची. मी तिला मराठीत उत्तरं द्यायचो. तिला समजायचं. पण ती माझ्याकडे अशी पाहायची, की हा कोण साहेब आला आहे."

चहा निवत होता. मी म्हटलं, "ती पोरगी आज पहिल्यांदा बोलली, सर."

"हो," ते म्हणाले. "ऐकलं मी." आणि त्यांनी चेहरा पुन्हा पावसाकडे वळवला.

दुसऱ्या दिवशी सर आले ते बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा घेऊन. आत कोरी पुठ्ठ्याची पानं, त्यांवर चित्रं त्यांनी स्वतः काढलेली. सरांना चित्रकला येत होती हेही मला ठाऊक नव्हतं. बाटीचं पान होतं, 'ब'चं. भाकरीचं पान त्यांनी तसंच ठेवलं होतं, 'भ'चं. "दोन्ही राहू द्या," ते म्हणाले. "एकाच ताटलीला दोन नावं असतात हे मुलांना लवकर कळलेलं बरं."

मग त्यांनी 'य'चं पान काढलं. आमच्या तक्त्यावर 'य' यज्ञाचा होता. यज्ञ तांड्यावरच्या एकाही मुलानं पाहिलेला नव्हता; चित्रातल्या ज्वाळा पाहून ती म्हणायची 'चूल', आणि मग 'च' शोधत बसायची. सरांच्या पानावर एक बाई होती, घागरा, ओढणी, हातभर पांढऱ्या बांगड्या. खाली लिहिलं होतं 'याडी'. याडी म्हणजे आई.

पानं मुलांच्या हातांतून फिरली. 'याडी'चं पान काही वेळ कुणी खाली ठेवेचना.

त्या दिवसापासून सरांचा कोपरा ऐकायचा कोपरा झाला. घोळका पुढ्यात बसला की सर डोळे मिटायचे आणि सांगायला लागायचे. आधी चार वाक्यं मराठीत, मग दोन गोरबोलीत, मग दोन्ही कधी एक व्हायचं ते कळायचं नाही. मला सगळं समजत नसे. तरी मी दुसऱ्या कोपऱ्यात मासे मोजायच्या निमित्तानं कान लावून बसायची.

एक गोष्ट मला अजून आठवते. जुन्या काळी तांडे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलखामुलखांतून चालायचे, तेव्हाची. मिठाच्या गोणीवर एक लहान मुलगी झोपलेली असे. सगळ्यांत पुढच्या बैलाच्या गळ्यात घाट, म्हणजे मोठी घंटा, असे आणि मागचे बैल त्या आवाजामागं चालत. एकदा इतकं धुकं पडलं की कुणाला कुणी दिसेना, आणि घाटाची जीभ कुठंतरी गळून पडली. बैल थांबले. माणसं थांबली. तेव्हा गोणीवरची मुलगी जागी झाली, तिला वाटलं तांडा निघून गेला, आपण एकटीच राहिलो. ती मोठ्यानं आपल्या याडीला हाक मारायला लागली. तिच्या हाकेमागं बैल चालायला लागले. हाक मारत मारत ती तांड्याला धुक्याबाहेर घेऊन आली.

"मंग थांबली कुठं ते?" दुसरीतल्या एकानं विचारलं.

"इथं," सर म्हणाले आणि बोटानं जमिनीकडे दाखवलं. "घसा बसला तिचा. म्हणून इथं थांबले."

पोरं खाली फरशीकडे पाहू लागली, जणू मीठ सांडलेलं दिसेल.

गोष्ट सांगून झाली की सर तिच्यातला एखादा शब्द वाळूच्या परातीत लिहायचे, आणि मुलं तो आपल्या अक्षरपानांनी खाली जुळवायची. बैल. मीठ. हाक. नुकताच ऐकलेला शब्द, कानात गरम असताना, डोळ्यांपुढं येत होता. माझ्या खेळांतला सगळ्यात चांगला कोपरा जो मी मांडलाच नव्हता तो ठरला.

हळूहळू आया खिडकीशी उभ्या राहू लागल्या. पावसामुळं वावरात काम नव्हतं. डोक्यावर पोती पांघरून त्या बाहेरून ऐकायच्या, आणि सरांचं कुठं चुकलं की खिडकीतून दुरुस्त करायच्या. सर त्यांना गोरबोलीत उत्तर द्यायचे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा बाया एकमेकींकडे पाहून तोंडाला पदर लावून हसल्या. मग रोजचंच झालं.

त्या मुलीची आई एका सकाळी एक घडी घेऊन आली. तिच्या आजेसासूच्या जुन्या घागऱ्याचा घेर होता तो, लाल-निळा, आरसे टाचलेला. "पोरं ओल्या फरशीवर बसून राह्यले," ती म्हणाली. "हे अंथरा त्याहिच्या खाली."

"अहो, इतकं जुनं काम! खराब होईल," मी म्हणाले.

"पेटीत ठेवून उंदरांनी खाल्लं असतं. लेकरं बसतीन तं काय होते?"

आम्ही तो ऐकायच्या कोपऱ्यात अंथरला. आणि मग एक दिवस, गौरी-गणपती झाल्यावर केव्हातरी, झड सुटली. दुपारी एकदम ऊन आलं. पश्चिमेच्या खिडकीतून ते त्या घेरावर पडलं आणि आरशांतून उडून सगळ्या खोलीभर पसरलं. भिंतींवर, छतावर, पोरांच्या गालांवर उजेडाचे लहान लहान ठिपके. कुणी घेराचं टोक हलवलं की ठिपके पाखरांच्या थव्यासारखे एकदम दुसरीकडे जात. मुलं खेळ विसरून वर पाहत बसली. मीही. सरही.

मग मुलांनीच त्यातून खेळ काढला. एकानं घेराचं टोक धरायचं, हलवायचं आणि थांबायचं. भिंतीवर अक्षरांची, शब्दांची पानं टांगलेली होती. ज्या पानावर ठिपका बसेल ते वाचायचं, ऊन हलायच्या आत. "थांब, थांब, हलवू नको!" "क! कमळ!" "मा... सा! मासा!" ठिपके धावत होते, आवाज त्यांच्यामागं धावत होते. झडीनंतरच्या त्या उन्हात धूळही सोन्याची दिसत होती.

ती मुलगी माझ्या मांडीला टेकून उभी होती. अलीकडे ती बोलायची, पण थोडं, आणि बहुतेक सरांशीच. एक ठिपका फिरत फिरत सरांनी काढलेल्या पानावर जाऊन थांबला. चित्र घडी घालून मागं लपवलेलं होतं, फक्त शब्द दिसत होता. कुणी बोलायच्या आत तिनं बोट उचललं.

"या," ती म्हणाली. थांबली. दुसऱ्या अक्षराकडे पाहिलं. मला तिच्या पाठीतून तिचा श्वास जाणवत होता. "या... डी." आणि मग एकदम वळून, खिडकीकडे, जिथं तिची आई उभी होती, "याडी!"

वाचलं होतं की हाक मारली होती, मला सांगता येणार नाही. आईला वाटलं पोरगी बोलावते आहे, ती लगबगीनं दारातून आत आली, "काय झालं, काय झालं?" सगळी पोरं हसायला लागली. मुलीनं आईचा हात धरून तिला भिंतीपाशी नेलं आणि पानावर बोट ठेवलं. आईला वाचता येत नव्हतं. ती त्या अक्षरांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "हे मी हाव?"

"हाव," मुलगी म्हणाली.

हिवाळ्यात सरांच्या खोलीचं छत दुरुस्त झालं. मला धास्ती होती, आता ते आपली मुलं घेऊन जातील, आणि मधल्या भिंतीपलीकडे पुन्हा ती शांतता येईल. ते गेले. पण दुसऱ्याच दिवशी त्या खोलीतून दुकानाची भांडणं ऐकू यायला लागली. सरांनी तिथंही चार कोपरे मांडले होते, मोठ्या मुलांचे. एका कोपऱ्यात गोष्टीच्या वाक्यांच्या पट्ट्या उलटसुलट करून ठेवायच्या आणि नीट लावायच्या. एका कोपऱ्यात चौथीतल्या मुलांनी पहिलीतल्यांना वाचून दाखवायचं. त्यासाठी मधलं दार कायम उघडं राहू लागलं.

एकदा केंद्रप्रमुख आले. दारात उभे राहून त्यांनी दोन्ही खोल्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "वर्ग कुठं भरला आहे?" सर काही बोलायच्या आत दुकानातल्या पोरीनं त्यांना हटकलं, "काय पायजे? वाचून मागा. बोट दाखवायचं नाई." साहेबांनी चष्मा लावून एका वेष्टनावरचं वाचलं आणि चहापत्ती मागितली. तिनं ती दिली आणि म्हणाली, "आता दुसरीकडे जा, ताटली वाजली." ते गेले, अगदी शहाण्या मुलासारखे, माशांच्या कोपऱ्यात. नंतर शेरा काय लिहिला ते आठवत नाही. गळाला त्यांच्या 'ज्ञ' लागला होता आणि ते फार खूश झाले होते, तेवढं आठवतं.

आता त्याला काही वर्षं झाली. माझी बदली यवतमाळला झाली, लोहाऱ्याकडच्या एका शाळेत. तिथं कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांची मुलं येतात, घरी कुणी हिंदी बोलतं, कुणी गोंडी, कुणी वऱ्हाडी. पानं मी तिथंही मुलांना विचारूनच काढते. सर पुसदकडे आपल्या तांड्यावर राहायला गेले. नागपूरची नातवंडं सुट्टीत येतात, त्यांच्यासाठी त्यांनी अंगणात म्हणे काय काय मांडलं आहे. फोनवर ते माझ्याशी अजून त्याच स्वच्छ मराठीत बोलतात. मध्येच कुणाला तरी हाक मारतात तेव्हा आवाज बदलतो, आणि मला बरं वाटतं.

पण मला सांगायचा आहे तो त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातला एक दिवस. एप्रिल होता, शाळा सकाळची. खोल्या तापायच्या म्हणून आम्ही कोपरे बाहेर मोहाच्या झाडाखाली मांडले होते. खाली मोहाची फुलं पडलेली, त्यांचा तो गोड, जड वास. वाऱ्याची झुळूक आली की दूर पळसाचं लाल दिसायचं आणि पुन्हा झाकोळायचं. सर सतरंजीवर बसले होते, पाठ बुंध्याला टेकून. ती मुलगी तेव्हा दुसरीत होती. त्या दिवशी सांगायची पाळी सरांची नव्हती. ती त्यांना वाचून दाखवत होती. मांजर आणि उंदराची, कुठल्याशा लहान पुस्तकातली गोष्ट. एका बोटानं ओळ धरून, कठीण शब्दापाशी थांबून, मग तो एका दमात ओलांडून.

मी पाहिलं तर सरांची मान एका बाजूला कललेली. त्यांना झोप लागली होती.

मी त्यांना शाळेत कधी टेकूनसुद्धा बसलेलं पाहिलं नव्हतं. शर्टावर मोहाचं एक फूल पडलं होतं. मुलगी वाचता वाचता थांबली, तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हातानं खूण केली, वाच. ती पुढं वाचू लागली, अगदी हळू आवाजात. बाकीच्या कोपऱ्यांतली मुलंही काय समजायचं ते समजली. माशांच्या कोपऱ्यातलं भांडण नुसत्या हातवाऱ्यांनी चाललं. दुकानात कुजबुजत सौदे झाले. ताटली मी वाजवलीच नाही. सगळे जिथं होते तिथंच राहिले, आणि त्या पोरीचा आवाज तेवढा झाडाखाली चालू होता.

गोष्ट संपत आली तेव्हा सरांनी डोळे उघडले. क्षणभर आपण कुठं आहोत ते त्यांना कळलं नसावं. मग त्यांनी शर्टावरचं फूल उचलून बाजूला ठेवलं, नीट सावरून बसले आणि तिला विचारलं, गोरबोलीत, की पुढं काय झालं.

"संपलीच आता," ती म्हणाली. "तुमी तं झोपले व्हते."

"मधलं राहिलं माझं," सर म्हणाले.

ती हसली. मग तिनं बोट जिभेला लावलं आणि पानं मागं उलटू लागली, उंदीर बिळातून पहिल्यांदा बाहेर येतो तिथपर्यंत.